येऊ घातलेले

‘घालणे’ या क्रियापदाने सदरा आणि धिंगाणा एवढंच घातलं असतं, तर आम्हा धुळेकरांचा निम्मा मनस्ताप वाचला असता. पण ते ‘होऊ’ आणि ‘येऊ’च्या पाठीशी जाऊन उभं राहिलं. होऊ घातलेलं म्हणजे झालेलं नाही, होणार नाही असंही नाही. होण्याच्या बेतात आहे. बेत कधीचा, ते विचारायचं नाही.

मनमाड-इंदूर रेल्वे माझ्या लहानपणापासून होऊ घातलेली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. पेपरात ती लगेच ‘आगामी’ झाली. हा मान साधा नाही. आगामीला निदान तारीख विचारता येते. भावीला (चौकातले फ्लेक्स पाहा) तारीख नसते, पण फोटो असतो. होऊ घातलेल्याला दोन्ही नाही.

रेल्वेचं एक वेळ सोसतं, पाहुण्यांचं नाही. पुण्याचा आतेभाऊ दर हिवाळ्यात सहकुटुंब भरीत खायला येऊ घातलेला असतो. यंदा फोन आला, “शनिवारी निघायच्या बेतात आहोत.” मी भरताची हिरवी वांगी आणली, पिशवीने खांदा उतरला. गच्चीवर पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, धुराने डोळे असे चुरचुरले की शेजारच्या काकूंनी “कोणी गेलं का हो?” म्हणून विचारलं. मग सालं काढा, मिरच्या घाला, बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचा, वर कांद्याची पात. आईने कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या.

“निघालोच,” असा पहिला फोन. दुसरा, “वाटेत शिर्डीला टेकतो जरा.” तिसरा दुपारी तीनला, दर्शनाच्या रांगेतून. चौथा आलाच नाही, मीच केला. “अरे, उशीर झाला, आता परत फिरतोय. संक्रांतीला नक्की येऊ घातलंय बघ!”

बायको काही बोलली नाही. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आईने मात्र भाकरी ताटात टाकली. “उनात ते उनात, नही ते नही. तू जेवी ले.”

सोमवारी डब्यातही भरीतच होतं.