अल्ट्रात बसलात म्हणून बाद होत नाही

शिवाजी पार्कला धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: १२ किंवा २४ तासांच्या अल्ट्रात, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतीत, जो चालला किंवा बसला, तो बाद. हे साफ चुकीचं आहे. इथे अंतर नव्हे, वेळ ठरलेली असते. तेवढ्या वेळात कापलेलं अंतर मोजतात. चाला, जेवा, हवं तर झोपाही. घड्याळ मात्र चालूच राहतं. २०२२ मध्ये लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिनने २४ तासांत ३१९.६१४ किमी कापले, पण तो विश्वविक्रम झाला, पात्रतेची अट नव्हे. मुंबईच्या दमट हवेत चक्कर येत असतानाही बाद होण्याच्या भीतीने कुणी पळत राहिलं, तर जिवावर बेतेल. त्यामुळे हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. फक्त विश्रांतीसाठी शर्यतीचा मार्ग सोडलात, तर जिथून बाहेर पडलात तिथूनच पुन्हा आत या.