कस्टमरला स्लो वाटते

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात गेल्या शनिवारी मी माझा लॅपटॉप दाखवायला नेला, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने हातात दिलेल्या पावतीवर, तक्रारीच्या रकान्यात, 'कस्टमरला स्लो वाटते' असे छापलेले होते. एकतीस वर्षे वर्गात मराठी शिकवलेल्या माणसाला 'आहे' आणि 'वाटते' यांतील अंतर कळते. सकाळी बटण दाबून मी चहा टाकतो, तो पितो, कप विसळून पालथा घालतो, तरी पडद्यावर ठिपक्यांची फुगडी चालूच असते. आणि हे म्हणे मला वाटते.

विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. पेन्शनचे व्यवहार याच यंत्रावर होत असल्याने, उशिरा का होईना, मी याच दुकानातून विंडोज 11 टाकून घेतले. लॅपटॉप 2019 चा, पण प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणून पात्र. रॅमची, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीची, किमान अट 4 जीबी आणि माझ्याकडे नेमकी तेवढीच, म्हणजे पस्तीस गुणांनी उत्तीर्ण. चौथ्या दिवशी फोन केला, तर "आठवडाभर थांबा सर, सेट होईल" असे उत्तर मिळाले. तेही अगदीच खोटे नव्हते, कारण नवी प्रणाली आल्यावर फायलींची सूची नव्याने लावणे, राहिलेले अपडेट उतरवणे असली कामे काही दिवस पाठीमागे चालू असतात. मात्र जुन्या प्रणालीवर परतण्याची सोय दहाच दिवस असते, हे त्या मुलाने मी बाराव्या दिवशी त्याच्यासमोर उभा राहिल्यावर सांगितले.

शेजारच्या स्टुलावर नातवाचा टॅब घेऊन एक वृद्ध गृहस्थ बसले होते. उद्यमनगरात चाळीस वर्षे ऑइल इंजिने उघडली आणि जोडली, ही माहिती त्यांनी न विचारता दिली. मग माझ्या लॅपटॉपकडे त्यांनी असे पाहिले, की जणू तो शेतातून बैलगाडीत घालून आणला होता.

"काय होतंय त्येला?"

मी म्हणालो, "नवी विंडोज टाकल्यापासून हळू चालतो."

"इंजान तेच ठेवलासा?"

"हो."

"आणि पंप मोठा बसवलासा." त्यांनी मुलाच्या टेबलावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचे टोक कीबोर्डच्या डाव्या कडेला अलगद टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दुकानातील चार माणसे, मी धरून, श्वास रोखून उभी राहिली. "फिरतंय," ते म्हणाले, "पण दमून फिरतंय. किती आरपीएम?"

मुलाने निमूटपणे सांगितले, "हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेऱ्यांची आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "आमचं इंजान पंधराशेवर पळतंय आणि दोन एकर ऊस भिजवतंय. ह्ये चोपनशेवर पळतंय आणि मास्तरांचं एक पत्र उघडंना?" यावर हसणाऱ्यांत तो मुलगाही होता, हे मी लक्षात ठेवले आहे.

संतापाची गोष्ट अशी, की मिस्त्रींचे निदान बरोबर निघाले. यंत्राचा कोणता भाग किती राबतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर मुलाने उघडला, तर डिस्कपुढे 100 टक्के. 4 जीबी रॅम भरली, की उरलेले सामान विंडोज हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते, लागेल तसे परत आणते, आणि फिरत्या चकतीला ही धावपळ झेपत नाही. जुन्या विंडोजवर हेच दुखणे होते, फक्त सोसवत होते. एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, आणि 8 जीबी रॅम असलेला, त्याच वर्षीचा एक लॅपटॉप मुलाने मला दाखवला. विंडोज 11 तीच, आणि मी चष्मा पुसेपर्यंत तो सुरूसुद्धा झाला. मग अपग्रेडचे पैसे घेताना हे सांगायला काय झाले होते, असे मी विचारले. "तुम्ही विचारलं नाही, सर." आमच्या काळी विद्यार्थ्याने न विचारताही फळ्यावर लिहावे लागे. अशा उत्तराला मी शून्य गुण दिले असते; इथे मात्र त्याला मजुरी द्यावी लागली, तीही दुसऱ्यांदा.

एसएसडी बसली, रॅम वाढली, लॅपटॉप आता चहाचे आधण यायच्या आत उघडतो. काढलेली हार्ड डिस्क मिस्त्रींनी मागितली. तिच्यातले लोहचुंबक फार जबर असते, लेथवरचा लोखंडाचा कीस गोळा करायला बरे, असे त्यांचे म्हणणे. माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका आणि मुलीच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कमध्ये असल्याने मी ती रुमालात गुंडाळून घरी आणली. निघताना पावतीवरचे 'वाटते' खोडून 'होता' करावे, अशी मी विनंती केली. मुलगा म्हणाला की एंट्री एकदा झाली की बदलता येत नाही.