बाटलीच्या फोटोतली ती ‘छिद्रे’ कसली?

प्लास्टिकच्या बाटलीचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचा म्हणून एक फोटो फिरतोय. सोबत मजकूर : ‘बघा, बाटली आतून कशी झिजते, या खड्ड्यांतूनच प्लास्टिक पाण्यात उतरते.’ फोटो खरा असेलही. अर्थ मात्र भलताच लावलाय.

ब्लो मोल्डिंग या बाटल्या बनवण्याच्या पद्धतीच्या एका प्रकारात वितळलेल्या प्लास्टिकची नळी साच्यात धरून आतून हवा फुगवतात. नळीची बाहेरची बाजू साच्याच्या धातूवर दाबली जाते आणि त्याचा पोत जसाच्या तसा उचलते. एचडीपीई या प्रकारच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचे साचे तर मुद्दाम वाळूचा मारा करून खरखरीत करतात, म्हणजे अडकलेली हवा निसटते. त्यामुळे कोऱ्या बाटलीवरही बारीक खड्डे दिसणारच. आतली बाजू धातूला टेकतच नाही. तिथल्या लांबट समांतर रेघा बहुधा डायमधून, म्हणजे नळीला आकार देणाऱ्या तोंडातून, नळी बाहेर पडतानाच्या असतात, झिजेच्या नव्हेत.

त्यात नमुन्यावर बहुतेक वेळा काही नॅनोमीटर सोन्याचा थर चढवतात, कारण प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. मायक्रोस्कोपचा इलेक्ट्रॉनांचा झोत एकाच जागी रेंगाळला तर त्यानेही पृष्ठभागाला तडे जाऊ शकतात. आणि तो भडक निळा-जांभळा रंग? नंतर भरलेला, हा मायक्रोस्कोप रंग टिपतच नाही.

फिरणाऱ्या फोटोत मापपट्टीही कापलेली आहे. ती नसेल तर खड्डा केवढा, हे कळणार कसे? झीज दाखवायचीच असेल तर त्याच बाटलीचा, त्याच जागेचा, वापरापूर्वीचा फोटो शेजारी हवा.

टोपण फिरवताना सूक्ष्म कण सुटतात, हे खरेच आहे. पण या फोटोत ते दिसत नाही.