सोनोग्राफीत किडनीचं काम कळतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की सोनोग्राफीत किडनीचा फक्त आकार दिसतो, काम दिसत नाही, आणि "कुठली किडनी किती काम करते ते सोनोग्राफीत कळतं" असं लिहून मी लोकांची दिशाभूल केली. त्यातला "किती" हा शब्द चुकलाच, तो आजच काढून टाकला. टक्के हवे असतील तर शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं इंजेक्शन देऊन गॅमा कॅमेऱ्याखाली होतो तो डीटीपीएसारखा स्कॅनच लागतो.

पण आकारावरून कामाचा काहीच अंदाज येत नाही, हे मात्र मला पटत नाही. आमच्या बाबांचंच सांगतो. कोथरूडला असतात, वय ६८, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) १.१ म्हणजे नॉर्मल, त्यामुळे जिथे दाखवत होतो तिथे दोन वर्षं नुसतं रक्त तपासून "किडनी छान आहे" म्हणून घरी पाठवायचे. मग पोट दुखतं म्हणून दुसरीकडे सोनोग्राफी केली तर डावी किडनी ७ सेंटिमीटर, तिचा बाहेरचा थर म्हणजे कॉर्टेक्स पार पातळ, आणि उजवी १२. मोठ्या माणसाची साधारण ९ ते १२ असते, म्हणजे डावी बसलेली आणि तिचं काम ओढून ओढून उजवी वाढलेली. क्रिएटिनिन हा दोघींचा मिळून हिशोब असतो हो, एक बसली तरी दुसरी धडधाकट असेल तर रिपोर्ट नॉर्मलच येतो, किडनी दान केलेली माणसं एकीवर नीट जगतात ती त्यामुळेच. नंतर डीटीपीए केला, डावीचा वाटा निघाला १४ टक्के. नॉर्मल ४५ ते ५५ धरतात. म्हणजे मोजलं स्कॅननी, पण स्कॅन करायला हवा हे सांगितलं सोनोग्राफीनी, आणि माझा सगळा मुद्दा एवढाच होता.

सोनोग्राफी फसवते कुठे, ते मी लिहायला हवं होतं. लघवी अडून किडनी फुगली असेल तर ती मोठी दिसते पण आत पाणीच असतं, तिथे लांबीला अर्थ नाही, उरलेला थर किती जाड आहे ते बघायचं. डायबेटिसमध्ये तर किडनी निकामी होत आली तरी आकार नॉर्मल दिसू शकतो. कलर डॉपलरवर मूत्राशयात लघवीची पिचकारी दिसते, त्यावरून त्या बाजूनी लघवी खाली येतेय एवढं कळतं, रक्त किती गाळलं जातंय ते नाही.

ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट पडलेत त्यांनी दोन्ही बाजूंचे सेंटिमीटर शेजारी शेजारी ठेवून बघा, दीड-दोनचा फरक असेल तर क्रिएटिनिन नॉर्मल असलं तरी डॉक्टरांना विचारा. बाबा गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घेत होते, कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितल्या बघितल्या डॉक्टरांनी पहिल्या त्या गोळ्या बंद केल्या.