‘फॉरमॅट बदला, तारीख सुधारते’ हा सल्ला पुढे पाठवण्याआधी

हापूसचा हंगाम उतरला की हिशेब जुळवायची वेळ येते, आणि रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘वाशीहून आलेली पट्ट्यांची सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडल्यावर तारखा बिघडल्या? पूर्ण कॉलम निवडा, फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन दिवस-महिना-वर्ष करा. ज्या तारखा डावीकडे चिकटून राहतील तेवढ्या हाताने टाईप करा. नाहीतर सरळ कॉलम टेक्स्ट करून टाका. गुगल शीटमध्ये तर हा घोळ होतच नाही.’ (पट्टी म्हणजे दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशेब, आणि सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल.) यातलं टेक्स्टचं तेवढं अर्धं बरोबर आहे. बाकीचं नुकसान करणारं आहे.

आधी फॉरमॅटचं बघू. एक्सेल तारीख म्हणून एक आकडा साठवतं. ५ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७५२, ४ मे २०२५ म्हणजे ४५७८१. फाईलवर डबल क्लिक केलं की पाच एप्रिल म्हणून लिहिलेल्या ०५/०४/२०२५ चा अर्थ विंडोजच्या रिजन सेटिंगप्रमाणे लावला जातो. रिजन अमेरिकेचं असेल (नव्या लॅपटॉपवर पुष्कळदा तेच असतं) तर महिना पहिला धरला जातो आणि सेलमध्ये ४५७८१ जाऊन बसतो. फॉरमॅट बदलल्याने आकडा हलत नाही, त्याचं दिसणं तेवढं बदलतं. गंमत अशी, की फॉरमॅट बदलायच्या आधी तिथे ५/४/२०२५ दिसत असतं आणि आपण ते निर्धास्तपणे पाच एप्रिल वाचतो. सल्ला पाळला की ०४/०५/२०२५ दिसतं.

याहून वाईट म्हणजे, तीच फाईल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर सेलमध्ये जे दिसतं तेच लिहिलं जातं. पाच एप्रिलची पट्टी कायमची चार मेची होते. २५/०४/२०२५ मात्र जशीच्या तशी राहते. आता सगळा कॉलम एकसारखा, दिवस-महिना-वर्ष असा देखणा दिसतो आणि काय बिघडलं होतं याचा मागमूस उरत नाही.

‘डावीकडे चिकटलेल्या तेवढ्या दुरुस्त करा’ हे तर उलटंच आहे. पंचविसावा महिना नसतो, म्हणून २५/०४ ला एक्सेल तारीख मानत नाही, मजकूर म्हणून डावीकडे ठेवून देतं. म्हणजे डावीकडच्या नोंदी खऱ्या आहेत, बिघडल्यात त्या उजवीकडे शहाण्यासारख्या बसलेल्या. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर २२१ तारखा मजकूर राहतात, १२ बचावतात (४/४, ५/५ अशा) आणि १३२ गुपचूप उलटतात. शिवाय अमेरिकी रिजन तसंच ठेवून २५/०४ पुन्हा टाईप केलं तरी तो मजकूरच राहणार.

आंब्याच्या हिशेबात हे फार बोचतं, कारण एप्रिलच्या सुरुवातीचा पेटीचा भाव आणि मेमधला भाव यांत मोठी तफावत असते. एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांचा माल जानेवारी ते डिसेंबर अशा प्रत्येक महिन्याच्या ४ तारखेला वाटला जातो. मार्चचा ३ तारखेला, मेचा ५ तारखेला. महिनावार बेरीज काढा. नोव्हेंबरात हापूसच्या पेट्या दिसल्या तर समजा, कॉलम उलटला आहे. मच्छीमार सोसायटीच्या नोंदींना पावसाळी बंदी हीच कसोटी लावता येते: ६ मार्चची मासळी ३ जूनला दिसू लागली, की यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असताना ही कुणी आणली, हा प्रश्न येणारच.

टेक्स्टचा सल्ला फाईल आत घेताना पाळला तर चांगला आहे. मूळ अक्षरं शाबूत राहतात. नंतर केलात तर सेलमध्ये ४५७८१ असा आकडा दिसेल. आणि निव्वळ मजकूर ठेवून क्रम लावलात तर ०१/०५ ही ०२/०४ च्या आधी येईल.

गुगल शीटचं एका वाक्यात: तिथे लोकेल (देशाची सेटिंग) अमेरिकेचं असेल तर तोच घोळ होतो, म्हणून फाईल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये ते इंडिया करा, पण इम्पोर्ट करण्यापूर्वी.

मग करायचं काय? मूळ सीएसव्हीला डबल क्लिक करू नका. रिकाम्या शीटमध्ये डेटा टॅबवरून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, मग ‘ट्रान्सफॉर्म डेटा’. तारखेच्या कॉलमवर राईट क्लिक करून ‘चेंज टाईप’मध्ये ‘युजिंग लोकेल’ घ्या, प्रकार डेट, लोकेल इंग्लिश (इंडिया). आधीची पायरी बदलायची का, असं विचारलं तर हो म्हणा, कारण ती चुकीची पायरी एक्सेलने स्वतःहून टाकलेली असते. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना सोपं आहे. फाईल उघडताना येणाऱ्या चौकटीत कॉलमचा प्रकार ‘डेट (डीएमवाय)’ ठेवला की झालं.

मूळ फाईलच हरवली असेल आणि बिघडलेली शीट तेवढी हाती असेल, तर शेजारी नवा कॉलम घ्या. ‘इजनंबर’ (ISNUMBER) या फंक्शनने सेलमध्ये आकडा आहे का ते तपासा: आकडा असेल तर ‘डेट’ फंक्शनमध्ये वर्ष, मग ‘डे’, मग ‘मंथ’ असा उलटा क्रम द्या, मजकूर असेल तर त्याचे तुकडे करून वर्ष, महिना, दिवस अशा सरळ क्रमाने द्या. हे एकदाच करायचं. त्या नव्या कॉलमवर पुन्हा चालवलंत तर सुधारलेलं पुन्हा उलटेल.

दोन दलालांच्या दोन पद्धतींच्या फायली आधीच एकाखाली एक चिकटवल्या असतील, तर यातलं काहीच चालत नाही. ०४/०५ कुणाची कशी, हे त्या सहा-आठ अक्षरांत लिहिलेलंच नसतं. अशा वेळी पट्टीचा नंबर बघा, दोन शेजारच्या नंबरांच्या मध्ये तारीख बसते का ते पडताळा, आणि नाहीच बसली तर कागदी पट्ट्यांचा गठ्ठा सोडा.