खोकला नसतानाही टीबी असू शकतो

टीबीच्या लक्षणांवरच्या लेखात, दोन आठवडे खोकला राहिला तर तपासून घ्या, यावर भर दिलाय, तो योग्यच. पण माझ्या धाकट्या जावेला खोकला नव्हताच. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. तिच्या मानेला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने अंगावर काढली. संध्याकाळी कणकण, रात्री घामाने उशी भिजायची. आम्हाला वाटायचं, लोकलची दगदग. शेवटी सुईने गाठ तपासली आणि टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, आता ठणठणीत आहे.

सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पोषणासाठी महिना १,००० रुपयेही मिळतात (आधी ५०० होते). घरात कुणाचे कपडे सैल व्हायला लागले तर कफ सिरपवर दिवस काढू नका हो. आणि थुंकी सकाळची, खोल खोकून काढलेली द्या, नुसती लाळ चालत नाही.