झील तीच, गळा नवा

आवाज कोणाचा, हा वाद सध्या आपल्याकडे जोरात आहे. 2024 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला आणि त्यांच्या आवाजाची यंत्राकडून होणारी नक्कल रोखली. आदेश योग्यच आहे. पण नक्कल काही यंत्रानं आणलेली नाही. गणपतीच्या मांडवापासून नाट्यगृहापर्यंत आपले ऑर्केस्ट्रे कित्येक वर्षं ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’ अशा पाट्यांवर चालत आले. गाणं म्हणजे मूळ गायकाचा गळा, तो गेला की त्याच्यासारखा दुसरा शोधायचा, हे आपण धरूनच चालतो. कोलंबियातल्या काली शहरात राहून हा वाद वाचताना पहिल्यांदा खटकतं ते हेच.

काली हे साल्साचं, म्हणजे लॅटिन अमेरिकी नाचगाण्याचं शहर. दर वर्षी 25 ते 30 डिसेंबर इथे फेरिया, म्हणजे शहराची जत्रा असते. तिच्यात हमखास वाजणारं गाणं म्हणजे 1984 सालचं ‘काली पाचांगेरो’. ते ग्रुपो निचे या वाद्यवृंदाचं. निचे हा कृष्णवर्णीय माणसासाठीचा बोलीतला शब्द. पॅसिफिक बाजूच्या चोको प्रांतातल्या किब्दो गावचा हायरो वारेला आणि ट्रॉम्बोनवादक आलेक्सिस लोसानो यांनी 1979 च्या सुमारास राजधानी बोगोटात हा वृंद उभा केला. पहिली तबकडी फारशी चालली नाही. 1981 च्या दुसऱ्या तबकडीतल्या ‘बुएनावेंतुरा इ कानेय’नं नाव झालं आणि पुढच्याच वर्षी मंडळींनी बिऱ्हाड कालीत हलवलं. लोसानो बाहेर पडला, त्यानं ग्वायाकान नावाचा स्वतःचा वृंद काढला. वारेला मात्र शेवटपर्यंत निचेतच राहिला. तो गाणी लिहायचा, चाली बांधायचा, तालमी घ्यायचा. मुख्य गायकाची जागा त्यानं जवळजवळ नेहमीच दुसऱ्याला दिली.

त्या जागेवर माणसं सतत बदलत राहिली. 1985 मध्ये पोर्तो रिकोहून तितो गोमेस आला. त्याआधी तो सोनोरा पोन्सेन्या आणि रे बारेतोच्या वृंदात गाऊन नावारूपाला आलेला होता. 1990 च्या ‘सिएलो दे ताम्बोरेस’ या तबकडीत ‘उना आवेंतुरा’ गायला कालीचाच चार्ली कार्दोना. हावियेर वास्केस आणि विली गार्सिया याच वृंदातून पुढे आले आणि नंतर दोघांनी मिळून सोन दे काली हा वृंद काढला. 8 ऑगस्ट 2012 ला वारेला गेला. त्यानंतर त्याची मुलगी यानिला हिनं कारभार सांभाळला आणि संगीताची सूत्रं ट्रम्पेटवादक होसे आगिर्रेकडे आली. 2020 मध्ये या वृंदाच्या ‘40’ या तबकडीला लॅटिन ग्रॅमी मिळालं, 2021 मध्ये ग्रॅमी. कर्ता गेला, जुने गळे गेले, तरी वृंद पाटी न बदलता उभा राहिला.

हे का जमतं, ते गाण्याच्या बांधणीत आहे. साल्साच्या गाण्याचे ढोबळ दोन भाग. पहिल्या भागात गोष्ट सांगितली जाते, आपल्या अंतऱ्यांसारखी. दुसरा मोंतुनो. त्यात कोरो, म्हणजे साथीचे गायक, एक ठरलेली ओळ पुन:पुन्हा म्हणतो आणि मधल्या मोकळ्या जागेत गायक ऐन वेळी सुचलेलं गातो, त्याला प्रेगोन म्हणतात. पोवाडा ऐकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कोरो म्हणजे झीलकरी. फरक इतकाच की इथे गाण्याची ओळख झिलीत आहे. लोक गातात ती झील, शाहिराची ओळ नाही. त्यामुळे नव्या गायकानं जुन्याचे प्रेगोन जसेच्या तसे म्हटले तर त्याला शाबासकी मिळत नाही, उलट याच्याकडे स्वतःचं काही नाही असं जाणकार म्हणतात.

गळा मोकळा आणि बाकी सगळं घट्ट. सगळ्याला बांधून ठेवते ती क्लावे, दोन लाकडी दांडक्यांवरचे पाच ठोके. एका मापात चार मोजणी, दोन मापांत आठ, त्यांचे अर्धे करून 16 मात्रा मोजा: तीन-दोन क्लावेत, म्हणजे पहिल्या मापात तीन आणि दुसऱ्यात दोन, ठोके 1, 4, 7, 11 आणि 13 वर पडतात. दोन-तीन घेतली तर 3, 5, 9, 12 आणि 15 वर. गाणं ज्या बाजूनं सुरू झालं ती बाजू मध्ये बदलायची नाही. संयोजक म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून देणारा; नवखा असला तर चुकतो तो इथेच. गाणं लांबवायला तो एकच जादा माप घालतो, आणि तिथून पुढे कोरो एका बाजूला, ट्रम्पेट दुसऱ्या बाजूला. सूर सगळे बरोबर असतात, तरी नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. याला क्लावे क्रुसादा म्हणतात. उपाय साधा आहे, मापं जोडीनंच वाढवायची किंवा काढायची.

दुसरी हमखास चूक बासची. आपल्या कानाला समेवर ‘धा’ हवा असतो. साल्सात बास बहुधा सम मोकळी सोडतो. आठ मात्रांच्या मापात तो 4 आणि 7 वर वाजतो, आणि 7 वरचा सूर पुढच्या मापाच्या कॉर्डमधला असतो, समेवरून तसाच ओढत नेलेला. बासवाल्यानं सवयीनं पहिल्या मात्रेवर ठोका दिला की गाणं जमिनीला चिकटतं.

गायक बदलला की खरं काम कागदावर, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेल्या सुरावटीवर असतं. साधारण 12 ते 14 जणांचा वृंद धरा: तीन गायक, जे कोरोही म्हणतात, दोन-तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, पियानो, बास, आणि कोंगा, तिंबाल, बोंगो ही तालवाद्यं. काळी चारचा गायक गेला आणि काळी दोनचा आला, तर आपल्याकडे हार्मोनियमवाला पट्टी बदलून मोकळा होतो. इथे चार-पाच फुंकवाद्यांचे कागद नव्यानं लिहावे लागतात. नुसती पट्टी खाली ओढली तर ट्रम्पेटची झळाळी जाते, ट्रॉम्बोन खर्जात गुरगुरायला लागतात. वर ढकलली तर ट्रम्पेटवाल्याचे ओठ तासाभरात थकतात आणि कार्यक्रमाच्या शेवटी सूर फुटतात. म्हणून चांगला संयोजक सुरांची वाटणी पुन्हा करतो, वरचा पट्टा एकाकडून काढून दुसऱ्याकडे देतो. गायकाला जुन्या पट्टीत कोंबत नाही. नव्या गायकाचा मान ठेवायची माझ्या लेखी हीच पहिली पायरी.

या पद्धतीची किंमत गायक मोजतो, आणि ती लहान नाही. पाटीवर वृंदाचं नाव, गायकाचं नाही. बाहेर पडल्यावर त्याला तीच गाणी गाऊन शून्यातून उभं राहावं लागतं. आपल्याकडे बरोबर उलट झालं. गंधर्व नाटक मंडळीचं नावच गायकाचं. बालगंधर्व लोकांच्या कानात राहिले. पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले आणि गोविंदराव टेंबे जाणकारांच्याच बोलण्यात उरले. यातली कुठलीही एक पद्धत उचलून दुसरीकडे नेण्यात अर्थ नाही.

पण आपल्या वादात एका माणसाला जागाच नाही. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी पक्की केली, गायकांनाही वाटा दिला. रॉयल्टीच्या त्या तरतुदीत संयोजकाचा वेगळा उल्लेख नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे कागद लिहिले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी. सी. रामचंद्रांच्या संगीतात ट्रम्पेट आणि लॅटिन ठेके आले, त्यामागे चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवादक होता, तोही गोंयकार. बोंगो-कोंगा हिंदी गाण्यात रुजवण्यात तालवादक कावस लॉर्ड यांचा मोठा हात. पडद्यावर या मंडळींची नावं क्वचितच आली. मूळ कागद बहुतेक हरवले, म्हणून आज जुनं गाणं मंचावर उभं करायचं तर संयोजक तबकडी ऐकून एकेक सूर नव्यानं उतरवतो, नाहीतर आयोजक कराओकेचा ट्रॅक लावतो आणि पंधरा वादकांना घरी बसवतो.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या आयोजकांकडे म्हणूनच एक मागणी आहे. पुढच्या कार्यक्रमाच्या पाटीवर ‘व्हॉइस ऑफ’ पुसून गायकाचं स्वतःचं नाव घाला, त्याखाली संयोजकाचं. त्याला लेखनाचे पैसे कार्यक्रमाच्या बिदागीपासून वेगळे द्या. आणि प्रत्येक वाद्याच्या कागदाची एक प्रत, पट्टी आणि तारीख घालून, वादक पांगण्याआधी जमा करून ठेवा.